लिंबापुढचा पोकळ तुकडा

३ फेब्रुवारी, सोमवार

तर आधी आली ती बेबीनंदा. रस्त्याची माणसं मागून. बेबीनंदा माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून, अन् गावातलं सगळं तिला आधी कळतं. कोणाची म्हैस व्याली तर म्हशीच्या मालकाच्या आधी. पायात चप्पल न घालता पळत आली अन् म्हणली, "आक्का, उठा उठा, तुमच्या दारापुढं मशीन आलीय अन् मशीनीवर तुमची रेणी बसलीय!"

मी म्हणलं, सकाळी सकाळी तुझं डोकं फिरलं का.

बाहेर येऊन बघते तर खरंच. पिवळं जाकीट, डोक्यावर पांढरा टोप, हातात वही. रेणू, माझ्या लेकीची लेक. जालन्याला इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागून चारच महिने झाले, अन् पहिलं मोठं काम निघालं ते राजूरच्या याच रस्त्याचं, आजीच्या दारातून जाणाऱ्या. मला कळवलं न्हाई. म्हणली, "आजी, तुझं तोंड बघायचं होतं." तोंड काय बघायचं, रडून राह्यले होते.

"चहा टाक, सहा माणसं आहेत," म्हणली. सहा काय, साठ असती तरी टाकला असता.

सिमेंटचा रस्ता होऊन सहा वर्षं झाली. वरून चांगला दिसतो, पण उसाचा ट्रक गेला की सिमेंटचे चौकोनी तुकडे धाडधाड आपटतात अन् माझ्या फळीवरचे डबे वाजतात. रेणू म्हणते, खालची माती पाण्यानं वाहून गेली, सिमेंट अधांतरी राह्यलंय. रस्ता फोडायचा न्हाई, भोकं पाडून खालची पोकळी भरून काढायची, मंग तो आणखी पंधरा वर्षं टिकतो.

ही वही तिनंच दिली. तिच्या कामावरची आहे, कोपऱ्यात जरा सिमेंट लागलंय. म्हणली, "आजी, तू साक्षरतेच्या वर्गात शिकलीस ते विसरून जाशील. दिवसभर बोलतेस तेवढं लिहीत जा." तेवढं लिहायचं तर वह्यांचा गठ्ठा लागंल बाई.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस मी ओट्यावर बसून त्यांचं काम बघून राह्यले. घरचं काम पडलंय तसंच. पडू दे. अंगद, माझा लेक, पुण्याकडं चाकणला कंपनीत, सून तिकडंच, माझ्या एकटीचं काम असून असून किती असणार.

आधी एक माणूस लोखंडी कांब घेऊन सिमेंटवर ठोकीत चालतो. भरीव असलं तर ठण्ण वाजतं. पोकळ असलं तर डब्ब. डब्ब वाजलं की रेणू खडूनं गोल काढते. आपण बाजारात माठ वाजवून घेतो तसंच हे. मी तिला म्हणलं, हे शिकायला चार वर्षं लागली होय तुला? कांबवाला हसून हसून खाली बसला.

त्याचं नाव गोरक्षनाथ. जांब समर्थचा आहे. रामनवमीला तिथं पावली खेळतो म्हणे, "माय, दोन दोन तास खेळतो, पाय दुखत न्हाईत." बेबीनंदा म्हणली, "खेळून दाखव मंग." तर त्यानं खरंच रस्त्याच्या मधोमध चार पावल्या टाकल्या, पिवळ्या जाकिटात. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवून बघितलं.

रेणू मला मात्र रागावली. माझ्या मोरीचं पाणी नळीतून रस्त्याच्या कडेला जातं. म्हणली, "आजी, हेच पाणी सिमेंटखाली शिरून माती नेतं. तुझ्या दारापुढचे तुकडे सगळ्यात पोकळ का, तर हे." मी म्हणलं, बाई, एकटी म्हातारी आंघोळ करून करून किती पाणी सांडंल? तरी नळी परसाकडं फिरवून दिली बेबीनंदाच्या लेकानं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रेणू रात्रीला माझ्याकडंच राहते. बाकीचे राजूरला खोलीवर. ज्वारीची भाकर, पिठलं, वरून ठेचा. म्हणते शहरात असं मिळत न्हाई. डोक्याला तेल लावून दिलं. केस किती गळालेत तिचे. विचारलं तर म्हणली, टोपामुळं.

आज भरायचं काम बघितलं. तुकड्याला भोकं पाडतात, मंग नळीनं सिमेंटची राबडी आत सोडतात. पातळ, जवळजवळ ताकासारखी. एका भोकातून आत गेली की दुसऱ्यातून वर येते, तिथं लाकडी खुंटी ठोकतात. अन् तुकड्याच्या कोपऱ्यावर एक बारकं घड्याळ ठेवतात, वेळेचं न्हाई, त्याला एकच सुई. खालची पोकळी भरली की राबडी सिमेंटला खालून उचलायला बघते. केसाएवढं उचललं तरी सुई हालते. सुई हालली की "बस!" म्हणून ओरडायचं, न्हाईतर तुकडा मोडतो.

रेणूनं मला घड्याळापाशी बसवलं. मी चार वेळा "बस!" म्हणून ओरडले. गोरक्षनाथ म्हणला, "मायला कामावर घ्या, मॅडम." एका तुकड्याला चारपाच गोण्या लागल्या, अन् झालं.

एवढी मजा मला कित्येक वर्षांत आली न्हाई.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज रेणूची माणसं माझ्या दारातल्या कडुलिंबापुढच्या तुकड्यावर आली.

बावीस गोण्या गेल्या. सुई हालली न्हाई. दुसऱ्या भोकातून राबडी वर आली न्हाई. गोरक्षनाथ म्हणला, "मॅडम, हे काय चाललंय, हा पितोय नुसता." रेणूनं भोकात लांब सळई सोडली. सळई अख्खी गेली अन् तळ लागंना. मशीन बंद केली.

मंग माझ्याकडं आली, घामानं भिजलेली. "आजी, इथं पूर्वी विहीर होती का?"

मी म्हणलं, "विहीर न्हाई."

"नक्की?"

"बिलकुल न्हाई. विहीर तर तिकडं मारुतीमागं."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं. मंग गेली.

खोटं बोलले न्हाई. विहीर नव्हतीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काही लिहायचं न्हाई असं ठरवलं. भाकर करपली. आता दोन दिवस रेणूचं काम दुसरीकडं चालणार, लिंबापुढं नुसते दोन पिवळे डबे ठेवलेत.

एक मात्र खरं लिहिते, कारण वही माझी आहे अन् कोणी वाचणार न्हाई. तो तुकडा भरंना म्हणून रेणूचं इथलं काम लांबलं. आणखी आठ दिवस राहावं लागंल म्हणली. मला आनंद झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तातेराव साहेब आले. ठेकेदाराचा माणूस, सगळ्या कामावर तोच. पांढरी गाडी. खुर्ची दिली तर बसला न्हाई, फोनवर बोलत उभाच.

आज परत राबडी सोडली. सकाळपासून एकोणीस गोण्या, मागच्या बावीस. एकेचाळीस. सुई तिथंच.

साहेब म्हणला, "बस झालं. भोकं बंद करा, वरून मसाला मारा. रविवारी चतुर्थी आहे, राजूरच्या गणपतीला माणूस मावत न्हाई त्या दिवशी. शनिवारी रस्ता पूर्ण मोकळा पाहिजे."

रेणू म्हणली, "सर, खाली काय आहे ते कळलेलं न्हाई. हा तुकडा काढून बघावा लागंल. तोवर एवढी बाजू बंद ठेवू."

"काय असणार खाली? पाताळ? एकेचाळीस गोण्या गेल्या म्हणजे भरलाच असंल."

"सुई हालली न्हाई सर."

"घड्याळ खराब असंल तुमचं." अन् माझ्याकडं वळून म्हणला, "आजी, तुम्ही इथल्याच ना? काय होतं इथं आधी?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. रस्ता रुंद करायला मोजणीची माणसं आल्ती तेव्हाही माझ्या हातात चहाचाच ट्रे होता. त्यांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा आमचे मालक, रायभान, जिवंत होते. ते म्हणाले होते, "काही न्हाई, आमचं अंगण." अन् मी आत निघून गेल्ते.

आज मी म्हणलं, "अंगण होतं आमचं."

"बघा," साहेब म्हणला. "मॅडम, जमत नसंल तर सांगा. उद्यापासून दुसरा इंजिनिअर पाठवतो. तुमची नोकरी पक्की न्हाई, सहा महिने व्हायचेत अजून."

साहेबानं तुकडा भरल्याचा कागद पुढं केला. रेणूनं सही केली. सही फार छान करते, इंग्रजीत, खाली एक रेघ ओढते. बेबीनंदा म्हणली, "किती शिकली आपली पोर." गोरक्षनाथ मात्र भोकं बुजवताना एकदाही हसला न्हाई.

संध्याकाळी जेवताना रेणूला म्हणलं, आणखी एक भाकर घे. म्हणली, "आजी, पोट भरलंय." अर्धीच खाल्ली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

अक्षर चुकलं तर चुकू दे.

सकाळपासून गाड्याच गाड्या, राजूरला जाणाऱ्या. रेणूची आज सुट्टी, तरी ती सातलाच बाहेर गेली. तिनं फोन करून गोरक्षनाथला बोलावलं होतं. त्याच्या हातात लाल फडकं दिलं अन् म्हणली, "दादा, तुम्ही इथं लिंबापाशी उभे राहा. जड गाडी आली की पलीकडच्या बाजूनं काढा. माझ्या मनाला पटत न्हाई." तो म्हणला, "मॅडम, गणपतीला जाऊन येतो मंग." ती म्हणली, "दुपारी जा. तोवर थांबा."

तो थांबला. एवढी माणसं त्यानं बराबर पलीकडून काढली. मधे येऊन चहा पिऊन गेला. मला म्हणला, "माय, आज मी ट्रॅफिक पोलीस."

अकराच्या सुमाराला भाविकांनी भरलेला टेम्पो आला. मागून जीप हॉर्न वाजवून राह्यली, टेम्पोवाल्यानं ऐकलं न्हाई, सरळ लिंबापुढून घातला. आधी आवाज आला. डब्ब न्हाई, ठण्ण न्हाई. मी तसला आवाज आयुष्यात एकदाच ऐकलाय. तुकड्याचा कोपरा खाली गेला, चाक आत गेलं अन् टेम्पो कलंडला. माणसं उतरून पळाली, त्यांना खरचटलं तेवढंच. गोरक्षनाथ फडकं घेऊन आडवा गेल्ता त्याला थांबवायला. टेम्पो त्याच्या पायावर आला.

सगळ्यांनी मिळून टेम्पो उचलला. गोरक्षनाथला जालन्याला दवाखान्यात नेलं.

लाल फडकं माझ्या अंगणात उडून आलं. ते मी घडी घालून ठेवलंय. कोणाला द्यायचं कळत न्हाई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघ्याखालून पाय काढला. बेबीनंदानं सांगितलं. या वेळी तिला आधी कळलं त्याचं मला वाईट वाटलं, तिलाही.

रेणू दोन दिवसांपासून भिंतीकडं तोंड करून पडलीय. मी म्हणलं, साहेबानं बंद करायला लावलं, टेम्पोवाल्यानं ऐकलं न्हाई, तुझा काय दोष. ती म्हणली, "आजी, तो गणपतीला निघाला होता. मीच त्याला तिथं उभं केलं."

असंच म्हणली. मीच त्याला.

आता लिहिते. बावन्न वर्षं झाली, हे कोणाला सांगितलं न्हाई. रायभानलाही न्हाई.

लिंबापुढं आमचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरंल, अन् पोट खोलीएवढं. आतून शेणानं सारवायचं, कडबा लावायचा अन् ज्वारी भरून वर फरशी ठेवून लिंपायचं. वर्षावर्ष टिकायची ज्वारी. पण बंद पेवात वाईट वाफ धरते. उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मंग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राह्यला तर उतरायचं. विझला तर न्हाई. बारक्या पोरालाही माहीत होतं.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाल्ती. टेंभुर्णीहून माझा बाप अन् भाऊ आले, अचानक. घरातली ज्वारी संपलेली. सासू शेतात. पेवाची फरशी त्याच सकाळी काढली होती, उद्या उतरायचं ठरलं होतं. घरी मी अन् माझा धाकटा दीर, सर्जेराव. माझ्याच वयाचे. मी म्हणलं, भाऊजी, दोन पायल्या काढून द्या. ते म्हणाले, "वहिनी, उद्या काढू, कंदील सोडून बघू आधी."

मी म्हणलं, "माझा बाप उपाशी बसलाय अन् तुम्हाला कंदिलाची पडलीय. भ्यालात काय?"

ते हसले. अन् उतरले. टोपलीची दोरी माझ्या हातात होती. आत खोलवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी दोन वेळा हाक मारली. दोरी हालली न्हाई.

सगळ्यांना वाटलं, पोरगं आपल्याच मनानं उतरलं. मी तसंच वाटू दिलं. त्यांना वर काढलं, पण पेव बुजवू द्यायला सासू तयार न्हाई. म्हणली, माझ्या लेकाच्या जागेवर मातीची पाटी कोणी टाकायची न्हाई अन् या घरात पेवाचं नाव कोणी काढायचं न्हाई. फरशी ठेवली, थोडी माती लोटली, तोंडापासून जरा अलीकडं तिनं लिंबाचं रोप लावलं. ज्वारी आत तशीच राह्यली. आमच्यात नाव निघालं न्हाई ते न्हाईच. रायभान मोजणीवाल्यांसमोर गप्प बसले ते आईच्या शब्दासाठी. मी का गप्प बसले ते माझं मला माहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रेणूला सांगितलं. सगळं. दोरीसुद्धा.

मला वाटलं ती रडंल, न्हाईतर ओरडंल. ती उठून बसली, वही घेतली अन् विचारलं, "तोंड नेमकं कुठं? लिंबापासून किती पावलं?" मी म्हणलं चार, रस्त्याकडं. "खोली?" दोन पुरुष, माणसाच्या दुप्पट. "पोट?" या खोलीएवढं. तिनं सगळं लिहून घेतलं, चित्र काढलं. मंग वही मिटली.

"आजी, मागच्या सोमवारी विचारलं होतं मी तुला."

एवढंच.

मला म्हणायचं होतं, तू विहीर विचारली होतीस. म्हणले न्हाई. पंचाहत्तरीला आले, तेवढं तर कळतं.

मी म्हणलं, "तू त्याला उभं केलंस ते माणसं वाचावीत म्हणून. मी उतरवलं ते माझ्या बापाची भाकर लौकर व्हावी म्हणून. दोन्ही एक न्हाईत, बाई. तू हे माझ्यासारखं बावन्न वर्षं सांभाळू नको."

ती माझा हात धरून बसली. हात गार होता तिचा.

दुपारी तिला जालन्याच्या ऑफिसातून फोन आला, चौकशी लागलीय, कागद घेऊन या म्हणून. त्याच कागदाचं काहीतरी. सहीवाल्या. पिशवी भरली. तेलाची बाटली इथंच राह्यली. मी म्हणलं, राहू दे, तू येशील तेव्हा लागंल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिघं साहेब आले, नवे. तातेराव त्यात न्हाई. रेणूचं चित्र त्यांच्या हातात होतं, मी अक्षरावरून ओळखलं. लिंबापासून चार पावलं मोजली, चुन्यानं गोल काढला. चहा घेतला. सगळ्यांत मोठा साहेब ओट्यावर बसला, भला माणूस. म्हणला, "आजी, तुमच्या नातीनं सगळं लिहून दिलंय. स्वतःचंसुद्धा. सही का केली तेही. असं कोणी लिहून देत न्हाई." मी म्हणलं, आमची पोर हुशारच आहे.

ते तिघं एकमेकांकडं बघायला लागले.

आता सिमेंट काढणार, पेव वरून उघडणार, मुरूम टाकून ठोकून ठोकून भरणार, मंग नवा तुकडा ओतणार. मी विचारलं, आत कोणी उतरणार का? एक जण उतरंल बघायला, म्हणाले. मी म्हणलं, आधी एक दिवस उघडं ठेवा. मंग कंदील सोडा. एक साहेब म्हणला, त्याला आता मशीन असतं आजी. असू दे. मशीनही सोडा अन् कंदीलही सोडा.

"रेणू येईल ना तुमच्यासंगं?" विचारलं.

मोठा साहेब फोनकडं बघून म्हणला, "बघू, आजी."

बेबीनंदा म्हणली, बघू म्हणले म्हणजे येणारच, न्हाईतर न्हाईच म्हणले असते. मलाही तसंच वाटतं.

गोरक्षनाथचा फोन आल्ता. म्हणला, "माय, रामनवमीला टाळ वाजवीन बसून." लाल फडकं आहे माझ्याकडं म्हणलं, तर म्हणला, ठेवा तुमच्यापाशीच.

माळ्यावरचा कंदील काढला. काच काळी पडल्ती, राखेनं घासली. नवी वात घातली, पेटवून बघितला. नीट जळतो. रेणूसाठी पिठल्याचं डाळीचं पीठ चाळून ठेवलंय.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सत्तावीस तारखेला येतो म्हणून सांगून गेलेत.